मशीन सुरू झालं, भाऊ

अरुणभाऊ, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापून झाल्या. सातवीचं गणित सगळ्यात शेवटी निघालं, शुक्रवारी दुपारी जेवणाच्या घंटेच्या जरा आधी. कागद फाडले, चळत केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. मग तुम्हाला सांगावं म्हणून फोन हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

तुम्हाला जाऊन उद्या महिना होईल.

तुमच्यासाठी आमच्या शाळेत शोकसभा झाली नाही. व्हायचं काही कारणही नव्हतं. तुम्ही आमच्या पगारपत्रकावर नव्हता, संस्थेच्या मंडळावर नव्हता, देणगीदार म्हणून भिंतीवरच्या फरशीत तुमचं नाव नव्हतं. महिन्यातल्या एखाद्या रविवारी जळगावहून एसटीनं धुळ्याला येणारे, खांद्याला जड पिशवी असणारे, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. अंधशाळेच्या लेखी तुमची एवढीच ओळख. आणि तुमच्या नातेवाइकांच्या लेखी माझी तेवढीही नाही. मला दिसत नाही म्हणून लोक एरवी फार सांभाळून घेतात, पण तुमच्या जाण्यानं माझं काही गेलं असेल हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "अरेरे, चांगला माणूस होता. आता मशीनचं कसं करायचं, बाई?"

त्यांचंही चूक नाही. मलाही आधी मशीनच आठवलं होतं. तो भाग पुढे सांगते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा ते मशीन भंगारात काढायचं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. ब्रेल छापायचं ते धूड शाळेत आलं तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. जाड कागदावर ठिपके उठवताना ते असं खडखडायचं, की खालच्या वर्गातली मुलं म्हणायची, बाईंनी गिरणी सुरू केली. त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर एक दिवस कायमचा बंद पडला. नवा आला, त्याच्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम. आमचं ब्रेलचं सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून टाकलेलं, पार जुन्या काळचं. नव्या सिस्टिमनं ते उघडायलाच नकार दिला. मशीनची वायर जिथे लावायची ती जागाही नव्या कॉम्प्युटरला नव्हती. तीन जण येऊन बघून गेले. तिघांनी एकच सांगितलं: नवीन घ्या.

नवीन घेतलंही असतं. पण इतक्या वर्षांत मी टाइप केलेली सगळी पुस्तकं त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. दुसऱ्या कशात उघडली की अक्षरांचा नुसता कचरा होतो, असं आमचे क्लार्क निकमभाऊसाहेब सांगायचे. त्यांनी तो पाहिला, मी ऐकला. पडद्यावर असेल ते बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर असतो, त्याच्याच भरवशावर मी काम करते. त्यानं आमचा सहावीचा इतिहास वाचायला घेतला आणि "के, स्लॅश, डॉलर, सात, डॉलर" असं सुरू केलं. मी हेडफोन काढून ठेवला. शिवाजी महाराजांचं बालपण त्या डॉलरांमध्ये कुठेतरी होतं.

अशात कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवलीत आणि मशीनकडे न जाता आधी मलाच विचारलंत, "बाई, हे वाचतात कसं?"

मी तुमचं बोट धरून पानावर ठेवलं. तुम्ही ते पुढेमागे फिरवलंत.

"कळण्याच्या खरबरीत भाकरीवरून हात फिरवल्यासारखं लागतंय," तुम्ही म्हणालात. "यात अक्षरं आहेत?"

"एका ओळीत तीस."

"मले एकही लागत नाही," तुम्ही म्हणालात, आणि त्या 'मले'वरून मला कळलं की माणूस यावल-फैजपूरकडचा आहे.

त्या दिवशी तुम्ही मला एक गोष्ट समजावून सांगितलीत. नव्या सिस्टिमला जुनी सवय लावता येत नाही. मग तिच्या पोटातच एक जुना कॉम्प्युटर वसवायचा. तो खरा नसतो, प्रोग्रॅमनं तयार केलेला असतो, पण जुन्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. त्याला त्याची जुनी सिस्टिम मिळते आणि ते निमूट कामाला लागतं. "व्हर्च्युअल मशीन म्हणतात," तुम्ही म्हणालात. वायरीसाठी तुम्ही बाजारातून कन्व्हर्टर आणलात. संध्याकाळच्या आत गिरणी खडखडली. खाली वसतिगृहातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी पहिली दोन पानं वाचली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"भाऊ, इथे दोन ओळी गेल्यात."

"स्क्रीनवर तर आहेत, बाई."

"स्क्रीनवर असतील. कागदावर नाहीत."

तुम्हाला क्षणभर वाटलं, माझीच चूक होत असेल. तुम्ही तसं बोलला नाहीत. मग पुन्हा छापलंत. पुन्हा तिसऱ्याच पानावर, पण वेगळ्याच दोन ओळी गेल्या. त्यापुढचे चार रविवार आपण दोघं त्या ओळींमागे होतो. तुम्हाला ब्रेल येत नव्हतं, मला स्क्रीन दिसत नव्हती. तुम्ही काहीतरी बदलायचं, छापायचं, मी मशीनच्या तोंडाशी उभं राहून कागद बाहेर येता येता वाचायचं आणि ओरडायचं, "गेली!" कन्व्हर्टर तीन बदलले. शेवटी तुम्हाला सापडलं. मशीनची स्मरणशक्ती थोडी. भरली की ते कॉम्प्युटरला 'थांब' असा इशारा देतं. तो इशारा ते ज्या पिनेवर द्यायचं, ती पिन नव्या कन्व्हर्टरमध्ये कुठेच जोडलेली नव्हती. कॉम्प्युटर बापडा न थांबता पाठवतच राहायचा. तुम्ही डाग देऊन एक वायर इकडची तिकडे केलीत. जळक्या राळेचा वास खोलीभर झाला. मग आपण चाळीस पानं सलग छापली. मी ती सगळी, ओळ न् ओळ, तिथेच उभी राहून वाचली. तुम्ही शेजारी बसून वाट बघत होता. तुमची शेवटची बस चुकत होती, तरी तुम्ही "झालं का" असं एकदाही म्हटलं नाहीत.

"सगळ्या आहेत," मी म्हणाले.

तुम्ही नुसतं "हां" म्हणालात. त्या "हां"मध्ये केवढा आनंद होता.

पुढे आमच्या स्वयंपाकघरातल्या सखुबाईला तुमच्या चपलेचा आवाज ओळखू यायला लागला. "बाई, भाऊ उनात, चहा ठेवस," अशी तुम्ही आल्याची हाक ती खालूनच द्यायची. थंडीत तुम्ही भरताची वांगी आणायचात, तिच्या हातात द्यायचात आणि वर यायचात. मुलं तुमच्या पिशवीची चेन उघडल्याचा आवाज ऐकून सांगायची, भाऊ आज पेचकस काढत आहेत की मल्टिमीटर.

आणि तरीही मी तुमच्याशी भांडले.

आपलं खरं भांडण एकच झालं, भाऊ, पण ते मिटलं नाही. जुन्या कॉम्प्युटरवर मला सगळं पाठ होतं. कुठलं बटण किती वेळा दाबलं की काय होतं, हे बोटांना माहीत होतं. तुम्ही केलेल्या नव्या व्यवस्थेत स्क्रीन रीडर बाहेरपर्यंतच बोलायचा. त्या आतल्या जुन्या कॉम्प्युटरची खिडकी उघडली की मुका व्हायचा, कारण त्याच्या लेखी ते नुसतं एक चित्र होतं. आत माउसनं टिचक्या माराव्या लागायच्या. म्हणजे एक पान काढायचं तरी निकमभाऊसाहेबांना हाक मारायची. ते रजेवर असले की आमची गिरणी बंद. वीस वर्षं जे काम मी एकटीनं केलं, त्यासाठी मला डोळस माणूस शोधत फिरावं लागत होतं.

मी ते तुम्हाला फार वाईट शब्दांत सांगितलं. "तुम्ही मशीन वाचवलंत, पण माझ्या हातातून काढून घेतलंत."

"बाई, चालू तर झालं ना?"

"झालं. माझ्यासाठी नाही झालं."

तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात. तीन आठवडे फोन नाही. मीही केला नाही. माझं म्हणणं बरोबर होतं, आणि माणूस बरोबर असला की फार ताठ बसतो.

मग एका रविवारी तुम्ही न कळवता आलात. आल्या आल्या कॉम्प्युटरसमोर बसलात आणि एक खट् असा आवाज झाला. मी विचारलं, काय बंद केलंत? तुम्ही म्हणालात, "स्क्रीन." हेडफोन लावून तुम्ही एक पान छापायचा प्रयत्न केलात. मी बाजूला बसून तुमची बोटं कळफलकावर चुकताना ऐकत होते. वीसेक मिनिटांनी तुम्ही हेडफोन काढलात.

"हे मी काय करून ठेवलं, बाई," तुम्ही म्हणालात.

माफी मागितलीत असं नाही. पण त्यानंतर तुम्ही दुसरं कुठलं कामच बोलत नव्हता. तुम्ही एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतलात. मी फाईल एका ठराविक फोल्डरमध्ये टाकायची, एक बटण दाबायचं, आतली सगळी बटणं प्रोग्रॅमनं माझ्या वतीनं दाबायची, आणि काय चाललंय ते मला शिट्टीनं कळवायचं. एक शिट्टी म्हणजे तयार, दोन म्हणजे पान निघालं, लांब शिट्टी म्हणजे काहीतरी अडलं. मी उतावीळ होते. दर फोनला पहिला प्रश्न तोच, "कुठवर आलं?" तुमचं उत्तर ठरलेलं, "होतंय."

आता जिन्याचं सांगते.

तुम्ही शेवटचे आलात त्या रविवारी. कॉम्प्युटरची खोली पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या, मध्ये एक वळण. इतकी वर्षं तुम्ही त्या एका दमात चढून यायचात, पिशवीसकट. त्या दिवशी तुमच्या चपला आठव्या पायरीवर थांबल्या. मग वळणावर थांबल्या. मग वर दारापाशी थांबल्या. दाराबाहेर तुम्ही श्वास जागेवर येऊ दिलात आणि मग आत येऊन नेहमीच्या आवाजात म्हणालात, "काय म्हणता, बाई?"

मी ते सगळं ऐकलं होतं. पायऱ्यासुद्धा मोजल्या होत्या. माझ्या तोंडात प्रश्न आला होता. पण सहामाही तोंडावर होती, प्रोग्रॅम अजून झाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते जुनं भांडण माझ्या मनात अजून धुमसत होतं. मी म्हणाले, "प्रोग्रॅमचं काय झालं?"

तुम्ही म्हणालात, "होतंय."

गुरुवारी तुमचा फोन आला. आवाज खुशीत होता. "जवळजवळ झालंय. एक पान निघतं, दुसऱ्याला अडकतं. रविवारी येतो." शनिवारी तुम्ही गेलात. रविवारी मी वाट पाहिली, बस चुकली असेल म्हणून सोडून दिलं. मला ते सोमवारी कळलं, आणि तेही असं: कॉम्प्युटरनं आपणहून कसलं तरी अपडेट घेतलं आणि मशीन बोलेनासं झालं. मी वैतागून तुमचा नंबर लावला. तुमच्या पत्नीनं, म्हणजे मी वहिनी म्हणते त्या मंगलाबाईंनी, फोन उचलला. मी माझं नाव न सांगताच म्हणाले, "भाऊंना द्या, मशीन बंद पडलंय."

 त्या म्हणाल्या, "बाई, ते गेले हो. परवा सकाळी."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. मशीनबद्दल बोलले ते मात्र आठवतं.

दहाव्यानंतरच्या रविवारी मी जळगावला आले. तुम्ही इतक्या वेळा आलात, मी तुमच्याकडे पहिल्यांदाच. पारोळा, एरंडोल, सगळे थांबे कंडक्टरनं मला मुद्दाम ओरडून सांगितले. वहिनींनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. घरात पाहुणे उरले नव्हते. मी बोलायच्या आधी त्याच बोलू लागल्या.

"तुमचं नाव घरात रोज होतं, बाई. 'बाई म्हणते ओळ गेली, बाई म्हणते पान अडकलं.' मले वाटे, कोन मोठी सायबीन आहे धुळ्याची." त्या थोडं हसल्या. "शेवटी शेवटी तर स्क्रीन बंद करून बसत. मी म्हणे, अहो, लाइट गेली का? तर म्हणत, नाही, शिकतोय."

मला रडू आलं ते तिथे. तोपर्यंत आलं नव्हतं.

मग वहिनींनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, ते म्हणत, बाईंना मुंगी चालली तरी ऐकू येतं. त्या रविवारी ते तुमच्याकडेच आले होते. तुम्हाला काही वेगळं जाणवलं का? डॉक्टर म्हणतात, आठ-पंधरा दिवस आधीपासून त्रास होत असणार."

मी म्हणाले, "नाही, वहिनी. नेहमीसारखेच होते."

त्यांनी माझा हात हळूच सोडला. "बरं," म्हणाल्या. मला वाटलं, मी त्यांचं दुःख वाढवलं नाही, बरं केलं. निघताना त्यांनी तुमच्या टेबलावरचा पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत दिला.

धुळ्याला आल्यावर मी मशीनसमोर बसले. अपडेटनंतर कॉम्प्युटर तुमचा कन्व्हर्टर ओळखत नव्हता. तुमचं एक वाक्य होतं, नवं काही बिघडलं की आधी जुना ड्रायव्हर, म्हणजे ती जोडणी चालवणारा छोटा प्रोग्रॅम, परत टाकून बघायचा. ड्रायव्हरांची यादी आतल्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती, बाहेर होती, म्हणजे स्क्रीन रीडर तिथे बोलत होता. बाण खाली, बाण खाली, एकेक नाव ऐकत गेले. दोन दिवस लागले. चुकीच्या ठिकाणी दाबून एकदा कळफलकच बंद पाडला. निकमभाऊसाहेबांनी हसत हसत चालू करून दिला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर मागे गेला. मग पेन ड्राइव्हवरचा तुमचा प्रोग्रॅम टाकला, पाचवीची मराठीची प्रश्नपत्रिका फोल्डरमध्ये ठेवली, बटण दाबलं. एक शिट्टी. मग गिरणी. मग दोन शिट्ट्या.

पान फाडून वाचलं. सगळ्या ओळी होत्या.

दुसऱ्या पानाला लांब शिट्टी झाली. तुम्ही म्हणाला होता तसंच, अडकलं. बंद करून परत सुरू केलं, दुसरं पान वेगळी फाईल करून दिलं, निघालं. म्हणजे एका वेळी एकच पान, मग सगळं पहिल्यापासून. पाचवी ते दहावीचे सगळे विषय मी तसेच छापले, एकेक पान. दहा दिवस लागले. कुणालाही हाक मारावी लागली नाही, भाऊ. शिट्ट्यांमध्ये खोली इतकी शांत असायची की खालून सखुबाईचं भांडं पडलेलं ऐकू यायचं. पूर्वी त्या मधल्या वेळात तुम्ही काहीतरी बोलत असायचात. फैजपूरच्या केळीचं, एसटीतल्या भांडणाचं, कशाचंही.

सगळं छापून झाल्यावर मला त्या "नाही"नं झोप येईना. परीक्षेचं काम होतं तोवर मी त्याच्या आड बसले होते. काल रविवार होता. मी पुन्हा बसनं जळगावला आले.

वहिनी भाजी निवडत होत्या. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. आठवी पायरी, वळण, दार. दाराबाहेरचा श्वास. मी ऐकलं होतं, मी विचारलं नाही, आणि मागच्या वेळी त्यांच्याशी खोटं बोलले.

भाजीच्या काड्या मोडायचा आवाज थांबला. मला वाटलं, त्या उठून जातील. मी ते ऐकायला तयार होऊनच आले होते.

"अंगणातून घरात यायला तीन पायऱ्या आहेत, बाई," त्या म्हणाल्या. "महिनाभर ते तिथं थांबत. मी आत ओट्यापाशी. मले ऐकू येई. मी म्हणे, चप्पल काढायला इतका वेळ? ते म्हणत, आलो." त्यांनी श्वास घेतला. "मीही नाही विचारलं. म्हणून तर तुमले विचारलं होतं. तुम्ही नाही म्हटलं, तवा वाटलं, जगात एकट्या माझ्याच कानावर पडलं होतं ते."

मग त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसल्या.  नंतर त्या एकदम म्हणाल्या, "पण त्यांनी तरी सांगायला काय झालं होतं?" आणि मी म्हणाले, "तेच तर!" इतक्या जोरात म्हणाले की आम्ही दोघीही दचकलो.

तुम्ही सांगायला हवं होतं, भाऊ. आम्ही विचारायला हवं होतं हे खरंच. पण तुम्हीही सांगायला हवं होतं. इतके दिवस मी एकटीच तुमच्यावर रागावत होते, आणि मेलेल्या माणसावर रागावते म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. आता आम्ही दोघी आहोत. वहिनींनी मला पुढच्या रविवारीही बोलावलंय. म्हणाल्या, सकाळच्या बसनं या, म्हणजे निवांत बोलता येईल.